होडीचं इंजिन आणि डावा कौल

आमच्या गावदेवीने मला साफ नाही म्हटलं होतं, हे आधीच सांगून टाकते. देवाचे अनुभव लिहिणारे लोक त्याने कसं दिलं, कसं तारलं, हेच पहिल्या ओळीपासून लिहितात. मला तिने आधी नकार दिला, तोही चारचौघांत, माझ्या दिरासमोर. त्याचा मला इतका संताप आला की हात न जोडताच मी देवळाबाहेर पडले. तो संताप आज पुरता विझलाय असं म्हटलं तर खोटं होईल.

आम्ही कोपरीच्या खाडीकाठचे कोळी. माझ्या मालकांची स्वतःची, सासऱ्यांकडून आलेली होडी होती. बोय, जिताडा, कोळंबी, जे मिळेल ते ते आणायचे आणि मी पाटी डोक्यावर घेऊन विकायचे. मग वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं. जाळ्यात मेलेले मासे यायचे, आणि जिवंत निघालेल्यांना असा वास यायचा की गिऱ्हाईक हुंगून परत ठेवायचं. त्यातच मालकांना छातीचं दुखणं लागलं. मी देवीला नवस बोलले, उन्हाळाभर अनवाणी चालले, आणि पावसाळ्याआधी मालक गेले. होडी चिखलात रुतून राहिली. सासूबाई रोज संध्याकाळी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, फूल वाहायच्या, आणि मी घरातल्या देवीच्या तसबिरीकडे पाठ करून भात शिजवायचे. कोणी काही विचारलं तर मी सरळ सांगायचे, की माझं आणि तिचं बोलणं बंद आहे.

दोन मुली होत्या, पोट होतं. धक्क्यावरून मासळी उचलून डोंबिवलीच्या बाजारात विकायला लागले, पण माल आणायचा कशातून? टेम्पोवाले वास येतो म्हणून नाकं मुरडायचे, आणि घेतलं तरी आधी भाजीवाल्यांकडे थांबायचे. बाजारात पोचेपर्यंत बर्फाचं पाणी आणि मासळीची रया गेलेली असायची. एक दिवस अशाच एका टेम्पोवाल्याशी कडाकडा भांडले आणि ठरवलं, की आता गाडी आपलीच. शीळफाट्याला एका गवताच्या वखारीत जुनी डिझेल पिकअप धूळ खात उभी होती. रंग उडालेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, इंजिन तर पार बाद. पाटल्या मोडून घेतली. ठाण्याच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी एकटी बाई होते. शिकवणारा गियरपेक्षा माझ्या नऊवारीकडेच जास्त बघायचा. त्यालाही दोन शब्द सुनावले आणि लायसन काढलं.

शीळफाट्याच्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडून बघितलं आणि मान हलवली. मग बोलता बोलता त्याला कळलं की आमच्या होडीतही डिझेल इंजिन आहे. त्या काळी जीपची जुनी इंजिनं होडीला बसवायचे, आणि मालकांनी नेमकं तसलंच बसवलं होतं. तो म्हणाला, ते काढून आणा, थोडं इकडेतिकडे करून चपखल बसेल. मला तर मालकांनीच मागून हात पुढे केल्यासारखं वाटलं. पण घरी सांगताच दीर आडवा आला. होडी बापाची, तिच्या इंजिनाची दर नारळी पौर्णिमेला पूजा झालेली, ते रस्त्यावर फिरवायचं म्हणजे देवीचा कोप, असं त्याचं म्हणणं. हा गृहस्थ कारखान्यात नोकरीला. त्या होडीला त्याने आयुष्यात कधी हात लावला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, आपण कौल लावू, आई सांगेल ते खरं.

आमच्याकडे कौल लावायची रीत अशी की भगत देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं सांगतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधीकधी तासन्‌तास बसावं लागतं. त्या दिवशी भगताचं बोलणं संपायच्या आत डावी पाकळी टपकन खाली पडली. दीर हसला नाही, फक्त त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि देवीला सगळ्यांदेखत म्हणाले, "खाडी घेतलीस, नवरा घेतलास. इंजिन मी घेते." दिराने तिथल्या तिथे सुनावलं, की देवीचा शब्द मोडून चाललीस तर जा, पण पहिल्याच फेरीत गाडी बंद पडली तर गाडी आणि होडी दोन्ही माझी, आणि तू पुन्हा पाटी डोक्यावर घ्यायची. मी चालेल म्हटलं. रागात माणूस काहीही कबूल करतो. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

इंजिन काढलं, बसवलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातला, हौद्याला मागून बंद करायला नवा फाळका लावला. हौदा मात्र आमच्या कोळीवाड्यातल्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून करून घेतला. त्या भल्या माणसाने सवयीने फळ्यांच्या फटीत सूत आणि राळ ठासून भरली. बर्फाचं पाणी गळून जायला जागाच ठेवली नाही. गाडी होडीसारखी, आतलं पाणी आत. कोळीवाडा पोट धरून हसला, मी सुताराला फाडून खाल्लं, आणि वेळ नव्हता म्हणून तशीच चालवायला घेतली. गॅरेजवाला म्हणाला, ताई, बिनधास्त न्या, पार दिल्लीला जाल. होडीत इंजिन गार ठेवायला इतकी वर्षं त्याच्या पोटात खाडीचं खारं पाणी खेळलंय आणि आतून गंजाच्या खपल्या धरल्यात, हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही.

पहिलीच ऑर्डर मोठी मिळाली. शीळफाट्याच्या पुढे कल्याण रस्त्यावरच्या एका गावात आगरी घरची हळद होती, आणि हळदीच्या जेवणाची सगळी सुरमई आणि कोळंबी माझ्याकडून जायची होती. वैशाखाचं ऊन. मुंब्र्याचा डोंगर मागे टाकला आणि शीळफाट्याच्या अलीकडच्या चढावर बॉनेटमधून वाफ उसळली. गाडी दोन हिसके देऊन थांबली. खपल्या सुटून रेडिएटरमध्ये जाऊन बसल्या होत्या. जवळचं पाणी घातलं, ते उकळून गेलं. हौद्यात साचलेलं बर्फाचं पाणी उपसून घातलं, तेही गेलं, आणि वर मासळीच्या खवल्यांचा असा दर्प सुटला की काय सांगू. बर्फ विरघळत होता. मागे मासळी, पुढे हळदीचं घर, आणि कोपरीला दीर बसलेला. तेव्हा माझा बांध फुटला. भर रस्त्यात कमरेवर हात ठेवून मी देवीला शिव्या द्यायला सुरुवात केली. नाव घेऊन, मोठमोठ्याने. पोराबाळांसमोर तोंडातून निघणार नाही असं बोलले.

तेवढ्यात पलीकडच्या पायवाटेने बायकांचा घोळका आला. डोक्यावर हळदकुंकू लावलेले हंडे, पुढे एक म्हातारी, लग्नात धवळे म्हणणारी धवलारीण. दुसऱ्याच कुठल्या तरी घरच्या नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून घेऊन चालल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांचं गाणं थांबलं. म्हातारी जवळ आली. गालात मिशरी धरलेली.

"कोनाला गाल्या देतेस ग बाय?"

"देवीला."

"कनच्या देवीला?"

"आमच्या."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "दुसऱ्यांचीला देऊ नये."

मला हसावं की रडावं ते कळेना. मग मी सगळं भडाभडा सांगितलं. खाडी, मालक, डावा कौल, दीर, सगळं. म्हणाले, तिने नाही म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, म्हणून हे असं रस्त्यात उभं केलंय मला. म्हातारीने शांतपणे बाजूला थुंकून घेतलं आणि म्हणाली, "आपली आयस काय कमी वेला नाय बोलली? पन पोर निंगालीच, तं मागनं भाकर बांधून देतेच ना?" आणि मागे वळून तिने बायकांना हंडे पुढे आणायला सांगितले.

एका तरुण सुनेने हरकत घेतली, की हे नवरीचं पाणी आहे, ते असं वाटेत देता येत नाही. म्हातारी म्हणाली की नवरी काही पळून जात नाही, पाणी परत आणू. पण तापलेल्या इंजिनात लगेच गार पाणी घातलं तर त्याला तडा जातो, हे मगाशी घाईत मी विसरले होते. ते निवेपर्यंत थांबायला हवं होतं, आणि ते हंडे मांडवात पोचेपर्यंत खाली टेकवायचे नाहीत अशी त्यांची रीत. मी म्हटलं, हौद्यात ठेवा, तर म्हातारी म्हणाली की मासळीत नवरीचं पाणी ठेवत नाहीत. म्हणजे रेडिएटरात ओतलेलं चालतं, हौद्यात ठेवलेलं नाही. मी वाद घातला नाही. त्या सगळ्या बायका त्या उन्हात, भरले हंडे डोक्यावर घेऊन, माझं इंजिन निवायची वाट बघत रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि त्या ओळखपाळख नसलेल्या बाईसाठी उभ्या होत्या. ते बघताना माझ्यातली आग एकदम खाली बसली. मी बॉनेटला टेकून ढसाढसा रडले. मालक गेल्यावरही मी अशी रडले नव्हते.

पहिला हंडा ओतला, गाडी सुरू झाली. बाकीच्या बायका हंडे मांडीवर घेऊन हौद्यात फळकुटांवर बसल्या, म्हातारी माझ्या शेजारी. जिथे वाफ दिसायची तिथे थांबायचं, निवू द्यायचं, एक हंडा रिकामा करायचा. अशी नवरीच्या पाण्यावर गाडी हळदीच्या घरी पोचली. कोळंबी अजून कडक होती. तिथल्या माणसांनी रेडिएटर धुऊन भरून दिला, आणि मी त्या बायकांना परत त्यांच्या विहिरीवर नेलं, तिथून मांडवात. नवरीची अंघोळ उशिरा झाली. घरातले पुरुष कुरकुरत होते, म्हातारीने एका नजरेत त्यांना गप्प केलं.

गाडी वाटेत थांबली होती, तरी पोचली होती; दिराने ना गाडी मागितली ना हार मानली, त्याने विषयच टाळला. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, तेव्हा किती तरी दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, ती आईच होती. मी म्हटलं, अहो, तिच्या तोंडात मिशरी होती. त्यांनी विचारलं, देवीला मिशरी वर्ज्य आहे असं कोणी सांगितलं तुला? पुढे मी मासळी घेऊन त्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेले होते. त्यांना माझा चेहरा आठवेना, आणि सुरमई जरा बारीक आणलीस म्हणून मलाच ऐकवलं. देवी होती की नव्हती, हे मी ठरवायला जात नाही. मला पाणी मिळालं, आणि ते माझ्या हक्काचं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.

खाडी आजही काळी आहे आणि मालक परत आलेले नाहीत. त्यासाठी मी तिच्याशी भांडते, भांडणारच. पण पूर्वी मी तिला विचारायचे आणि हवं तेच उत्तर यावं म्हणून डोळे वटारून बसायचे, आणि त्यालाच भक्ती समजायचे. तिने हो म्हटलं की माझी, नाही म्हटलं की वैरीण. आता ते हो आणि नाही दोन्ही तिच्याकडेच ठेवून दिलंय, माझ्या रागासकट. कौल लावत नाही. रोज पहाटे देवळासमोर गाडी हळू करते, "येते गं," म्हणते, आणि ती काय म्हणते ते ऐकायला न थांबता गियर टाकते.