बोअरच्या पाण्याचं वय

त्या दुष्काळात गावात फक्त आमच्या परड्यातल्या बोअरला पाणी होतं. ते सगळ्यांच्या जनावरांना पुरवावं, म्हणजे कुणाची म्हैस छावणीत न्यायला नको, असं दूध संस्थेत ठरत होतं. आमचीही म्हैस मग दारातच राहिली असती. ती माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या हातालाच पान्हा सोडायची. मी धारेला बसले की दूध वर चढवायची.

पण चेअरमन म्हणाले, आधी पाणी तपासून घेऊ. मग अंबाजोगाईहून कॉलेजातल्या एक बाई आल्या.

"पाण्याचं वय बघायचंय, आजी."

"पाण्याला वय असतंय व्हय?" आत्याबाई हसल्या. "माझं तर मलाच ठावं न्हाई."

बाई ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचे तीन प्रकार, एकाच घरचे भाऊ, पण वजनाला वेगळे. त्यांना समस्थानिकं म्हणतात. सगळ्यात जड भाऊ पावसाबरोबर येतो आणि जमिनीत वर्षानुवर्षं कमी होत जातो. यंत्रात तो सापडला तर पाणी अलीकडच्या पावसाचं, बोअर पुन्हा भरेल. नाही सापडला तर पाणी फार जुनं, उपसलं की संपलं.

मी दाराआडून ऐकत होते. चौथीनंतर असं कुणी समजावून सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाटली काठोकाठ भरून ठेवा, असं सांगून बाई पुढच्या वस्तीवर गेल्या. आत्याबाईंनी पाणी दुपदरी फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली, तांब्याच्या घागरीत निवू दिलं आणि मग बाटलीत ओतलं. वर दोन बोटं जागा ठेवली, दूध उतू जाऊ नये म्हणून ठेवतात तशी. पाहुण्यांच्या हाती गढूळ पाणी कसं द्यायचं?

संध्याकाळी बाईंनी बाटली उजेडात धरली. "आजी, हिला तर न्हाऊ घातलंत! यात हवा गेली, हवेतलाही जड भाऊ मिसळला. आता हे चालायचं नाही."

आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला ते पाहवेना. मी बाहेर आले, मोटर चालू केली. बाईंनी सांगितलं तशी बादलीत बाटली बुडवली आणि पाण्याच्या आतच झाकण आवळलं. एकही बुडबुडा राहिला नाही. आत्याबाईंनी पदरानं माझे हात पुसले.

बऱ्याच दिवसांनी चेअरमन आत्याबाईंकडे आले.

"मामी, जड भाऊ घावला न्हाई. पाणी लई जुनं हाय. तुमच्या सासूच्या सासूच्याबी आधीचं."

आत्याबाई म्हशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ते जनावराला कावून पाजायचं? माणसांना पुरवून ठेवा."

म्हैस मांजरसुंब्याच्या वाटेवरच्या छावणीत गेली आणि तिच्यामागं आत्याबाईही गेल्या. दुसऱ्या कुणाला तिनं दूध दिलंच नसतं. मी रोज भाकरी आणि बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन जायची.

एकदा जरा लवकर पोहोचले. आदल्या दिवशीच्या बाटलीत घोटभर उरलं होतं. आत्याबाईंनी ते ओंजळीत घेऊन म्हशीच्या तोंडाशी धरलं होतं.

मला बघून दचकल्या. "चेअरमनला सांगू नको, पोरी. घरची चव हाय. न्हाईतर इसरंल ती."

दुसऱ्या दिवसापासून मी मोठी बाटली नेऊ लागले.