दारूची एक चूळ

माझ्या धाकट्या भावाला गाडीतळावरचे ड्रायव्हर 'कोरडे' म्हणायचे. आमचं आडनाव ते नव्हे. एकवीस वर्षं गाडी चालवून ज्याने दारूला ओठ लावला नाही तो कोरडाच, असं त्यांचं म्हणणं. "कोरडे, निदान बूच तरी हुंगा!" म्हणून चिडवायचे, आणि कुणाकडे लग्नाला निघाले की परतीच्या किल्ल्या मात्र त्याच्याच हातात द्यायचे. खोकल्याचं औषधसुद्धा तो बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून मगच घेई.

अशा माणसाच्या नावावर कोर्टात 'दारू पिऊन वाहन चालवणे' असं लिहिलेलं आहे. आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तो एका कारखानदाराकडे नोकरीला होता. एका दुपारी नव्या गोदामाच्या उद्घाटनाचं जेवण आटोपून मालक झुलतच बाहेर आले आणि किल्ली मागू लागले.

"साहेब, मी आहे ना," भाऊ म्हणाला.

"गाडी माझी का तुझी?"

नोकर माणसाने किल्ली दिली. शेजारी बसला. गाडी रस्ताभर नागमोडी गेली आणि वळणावर दवाखान्याच्या भिंतीला धडकली. पायरीवर बसलेली एक म्हातारी थोडक्यात वाचली. देवानेच राखलं.

"पिऊन चालवतोय मेला! पोलिसांना बोलवा!" लोक ओरडत धावले. काळ्या काचांआड स्टिअरिंगवर कोण होतं, ते कुणालाच दिसलं नव्हतं. मालकांची नशा खाडकन उतरली. याच गुन्ह्यात त्यांना आधी एकदा दंड झाला होता. दुसऱ्यांदा सापडलं तर तुरुंग, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी आतल्या आत जागा बदलली आणि खिशातली चपटी बाटली काढली. स्टिअरिंगवर शुद्धीतला माणूस सापडला असता तर पोलिसांनी आधी शेजारच्याकडेच पाहिलं असतं ना!

"पिऊ नकोस रे. नुसती चूळ भर, थुंकून टाक. पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकल्यावर आलं म्हणजे झालं. तुझा पहिलाच गुन्हा, दंड मी भरतो."

आणि आमच्या शहाण्याने भरली चूळ! गिळायची नाही ना, मग पाप कसलं, असा त्याचा विचार. अकरा वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना तुरुंगात कसं धाडायचं, असाही. घरी येऊन त्याने चार वेळा दात घासले.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी विचारलं, "दारू प्यायला होतात?"

त्याला खोटं बोलता येईना. "नाही साहेब. नुसती चूळ भरली होती."

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून हसला. मालकांनी दिलेला वकील घाईघाईने उठला, "गुन्हा कबूल आहे, साहेब!" त्याने पुढे केलेल्या कबुलीवर भावाने सही केली. दंड झाला, लायसन सहा महिने बंद, आणि पुन्हा सापडलात तर कैद, अशी वर ताकीद.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी त्याला कामावरून काढलं. काय म्हणाले माहीत आहे? "दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीत माझी मुलं कशी बसवू?" बोलताना जीभ कशी झडली नाही!

मी शाळेत शिवण शिकवते. लायसनचे सहा महिने संपले की त्याला शाळेच्या बसवर घ्यावं म्हणून मुख्याध्यापिकांकडे शब्द टाकला. त्या म्हणाल्या, "बाई, ज्याच्या नावावर असा गुन्हा आहे त्याच्या हाती आम्ही मुलं देत नाही. कधीच नाही." नियम खोटा नाही हो. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. कायदा चांगला, शिक्षा चांगली, नियम चांगला, आणि सगळं मिळून भलत्याच माणसाच्या डोक्यावर! ज्याने म्हातारीला जवळजवळ मारलंच होतं तो अजून गाडी चालवतोय.

भाऊ मला घेऊन एका वकीलबाईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्या हसल्या नाहीत. "खरं सांगता येईल," त्या म्हणाल्या, "पण खोटी कबुली देऊन तुम्ही कोर्टाला फसवलंत. तोही गुन्हाच. त्यात कदाचित तुरुंगही होईल."

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. जिन्यात मी त्याला म्हटलं, "जाऊ दे रे. सहा महिने काय, जातील. खरं काय ते देवाला ठाऊक आहे."

"देवाला ठाऊक आहे गं ताई. म्हणून तर त्याला सांगावं लागत नाही. कोर्टाला सांगावं लागतं."

तो परत वर गेला आणि स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला: 'गाडी मी चालवत नव्हतो. मी चूळ भरली आणि खोटं कबूल केलं. त्याची जी असेल ती शिक्षा मला द्यावी. दुसऱ्याची देऊ नये.'

वकीलबाई म्हणाल्या, "नीट विचार करा. सही झाली की मागे फिरता येणार नाही."

त्याने सही केली, खाली तारीख घातली आणि कागद त्यांच्या पुढे सरकवला.