अध्यक्षांचा कंटेनर

कंटेनरचं दार उघडलं आणि यार्डातले सगळे आत वाकून बघू लागले. भिंतीकडेला रचलेली खोकी मधल्या मोकळ्या जागेत घसरून आली होती. वरचे पट्टे सैल लोंबत होते.

ह्या कंटेनरमधला माल अण्णांनी रचून बांधला होता. अण्णा निपाणीचे, आमच्या फॉरवर्डर्स असोसिएशनचे अध्यक्ष.

फॉरवर्डरचा स्वतःचा ट्रक असेलच असं नाही, जहाज तर नसतंच. कारखान्यातला माल परदेशी गिऱ्हाइकाच्या दारात नीट पोचवायची जबाबदारी मात्र त्याची. बेळगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, असंच बाहेर जातं. मुंबईत शिपिंगमध्ये नोकरी करून मी बेळगावजवळ कंग्राळीला घरी परतले, तेव्हा इथे हा धंदा ज्याला जसा जमेल तसा चालला होता. वाटेत माल आपटून फुटायचा, फाउंड्रीवाले वैतागायचे. म्हणून असोसिएशनने ट्रेनिंग सुरू केलं, शेवटी प्रॅक्टिकल परीक्षा ठेवली. पास होईल त्यालाच सर्टिफिकेट. परीक्षक मी. पहिल्या बॅचला मान म्हणून अण्णा स्वतः बसले.

परीक्षा सोपी. रद्द कास्टिंगची खोकी कंटेनरमध्ये रचून बांधायची. मग ट्रेलर यार्डात वळणं घेतो, ब्रेक मारतो. दार उघडल्यावर माल जागेवर हवा.

अण्णांनी आधी ड्रायव्हरला कन्नडमध्ये झापलं, मग माझ्याकडे वळले. "मुद्दाम गचकं दिलं ह्यानं. माज्या हातचा माल आजवर हललेला न्हाय."

"अण्णा, सगळ्यांना हाच ड्रायव्हर होता."

सेक्रेटरी प्रवीणने मला बाजूला घेतलं. "मॅडम, अध्यक्ष नापास? निपाणीची सगळी मंडळी त्यांच्यामागं जातील. असोसिएशनच मोडंल. आज पास करा, पुढचं पुढं बघू."

फाउंड्रीचा एक्सपोर्ट मॅनेजर समोरच उभा होता. यापुढे माल सर्टिफिकेटवाल्यालाच द्यायचा, असं त्यांचं ठरत आलं होतं. त्याने उघडं दार पाहिलं होतं.

"नापास," मी मोठ्याने सांगितलं.

अण्णा गाडीत बसून निघून गेले. मागोमाग निपाणीचे तिघे गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. निर्णय चुकला असं वाटत नव्हतं, पण सगळा खेळ मोडेल ही धास्ती होती. सकाळी सरळ निपाणी गाठली. अण्णा गोडाउनसमोर ट्रक भरून घेत होते. मला बघून म्हणाले, "समजूत काढाय आलाय?"

"नाही. खोकी का घसरली ते सांगायला आलेय."

ते थांबले. त्यांच्या ट्रककडे बोट दाखवून मी म्हटलं, "ह्याचं बांधणं मला तुमच्याकडून शिकावं लागेल. उघड्या ट्रकवर वरून दोर आवळला की माल दबून बसतो. तुम्ही कंटेनर तसाच बांधलात. पण जहाज दिवसरात्र दोन्ही अंगांना कलतं. माल आडवा सरकतो. मधे जागा सोडली की तो तिथे येणारच. ती जागा लाकडाचे आडवे टेकू ठोकून भरायची, मग पट्टे."

अण्णांनी ट्रकवरचा दोर हाताने ओढून बघितला.

"व्हय. जहाज मी बघितलंय कुठं?" ते म्हणाले. मग गोडाउनकडे बघून हाक दिली, "अरं, चहा सांगा रं मॅडमना!" आणि माझ्याकडे वळून, "परत परीक्षा घेशीला?"

"पुढच्या बॅचबरोबर. क्लासलाही बसावं लागेल."

"बसतो की. पन परीक्षा घ्या सगळ्यांच्या म्होरं. चोरून पास झालो म्हणाय नको कोण."

पुढच्या बॅचमध्ये अण्णा पहिल्या बाकावर होते. इतके प्रश्न विचारले की मला घरी जाऊन पुस्तकं उघडावी लागली. परीक्षेला त्यांनी टेकू स्वतः ठोकले. ट्रेलर फिरून आला, दार उघडलं. खोकी जागच्या जागी. निपाणीच्या तिघांनी तिथेच नावं नोंदवली, फाउंड्रीनेही सर्टिफिकेटची अट लागू केली.

पुढे कोल्हापूरहून एका फॉरवर्डरचा फोन आला. "अध्यक्षाला नापास केलेला क्लास तुमचाच काय? आमची चार माणसं पाठवायची हायती."

ट्रेनिंगची जाहिरात कशी करावी यावर आम्ही दोन मीटिंगा घातल्या होत्या. हा उपाय कुणालाच सुचला नव्हता. ज्या परीक्षेत कुणीच नापास होत नाही, ती परीक्षा नसते, सत्कार असतो. आणि सत्कारासाठी कोल्हापूरहून कुणी फोन करत नाही.