कचरू पोस्टमनचं उतरणं

आष्टीत पत्रं वाटण्यात कचरूची एकतीस वर्षं गेली. एवढ्या काळात त्यानं लोकांनी थांबून बघावी अशी एकच गोष्ट केली, ती म्हणजे सायकलवरून उतरणं. घर वीस पावलांवर आलं की तो उजवी टांग मागून काढायचा, डाव्या पॅडलवर एका पायानं उभा राहायचा आणि सायकल घरंगळत बरोबर उंबऱ्यापाशी आली की अलगद पाय टेकवायचा. ब्रेकला हात नाही, हातात पत्र तयार. "पत्र काय, दुसऱ्या कुणीबी आणलं असतं," असं आता तो स्वतःच सांगतो. "मला पगार उतरण्याचा होता."

अशा माणसाची फजिती उतरण्यातच व्हावी, हे तसं बरोबरच झालं.

गावची रीत अशी, की वडीलधारं माणूस ओट्यावर बसलेलं दिसलं की सायकलवरून उतरायचं, चार पावलं सायकल हातात धरून चालायचं, रामराम घालायचा आणि पुढं जाऊन पुन्हा बसायचं. पोरं आता मोटारसायकलवरून नुसती मान हलवतात, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. पण सर्जेराव मनावर घेणारे होते. ते कचरूचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, द्वारकाबाईचे मालक. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे आणि कोण उतरलं, कोण नाही उतरलं, ते ध्यानात ठेवायचे.

रिटायर झाला त्या दिवशी कचरूच्या गळ्यात हार होता आणि डोक्यात हवा. दाजींच्या ओट्यासमोर त्यानं टांग मागून काढली, एका पॅडलवर उभा राहिला, झोकात रामराम घातला आणि जमिनीला पाय न लावता तसाच पुढं जाऊन पुन्हा सीटवर बसला. आपण काय नजाकत दाखवली, असं त्याला वाटलं.

"ए कचरू," दाजी मागून म्हणाले, "उतरायचं तर उतर, न्हाई तर बसून जा. हे अर्धं काय लावलं?"

इथं गप्प बसला असता तर शहाणा ठरला असता. पण हार अजून गळ्यात होता. "दाजी, एकतीस वर्षं दारोदार उतरलो," तो म्हणाला, "आता बिलकुल कुणापुढं उतरायचा न्हाई."

चार माणसांनी ते ऐकलं. दाजी उठून आत गेले.

झालं. दोन्ही घरांचं जाणंयेणं तुटलं. राखी मात्र यायची, पोस्टानं. चार गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण पाकिटावर तिकीट लावून पेटीत टाकायची, ते पाकीट आधी तालुक्याला फिरून यायचं आणि चौथ्या दिवशी नवा पोस्टमन मोटारसायकलवर बसल्या बसल्या कचरूच्या हातात द्यायचा. मग कचरू दोरा दातात धरून स्वतःच स्वतःच्या मनगटावर राखी बांधायचा. दोन वर्षं बांधली. दोन्ही वेळा त्याला रडू आलं, आणि दोन्ही वेळा त्यानं बायकोला, वंदनाला, डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं.

ही बहीण म्हणजे साधीसुधी नव्हे. कचरूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवला, म्हणजे सटवाईला वाटावं की टाकून दिलेलं पोर आहे, आणि कचरू नाव ठेवलं. उकिरड्यावरून त्याला उचलून घरात आणलं ते नऊ वर्षांच्या द्वारकानं. "अक्कानं उचललं तवा माणसात आलो," कचरू म्हणतो, "आन् तिच्याच दारात पुन्हा जनावर झालो."

यंदा राखीच्या आदल्या दिवशी अक्काची सून दैवशाला सासूचा निरोप घेऊन आली. "मामा, आत्याबाईंनी सांगितलंय, उद्या घरी या. दाजींपुढं नीट उतरून या. त्यांचंबी मन झालंय, पर ते आपून होऊन म्हणायचे न्हाईत. आन् उद्या न्हाई आले तर पुढल्या वर्षीपासून पोस्टानंबी यायची न्हाई, म्हणल्या."

कचरूला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सदरा घालून, टोपी झटकून निघाला तेव्हा ध्यानात आलं की सायकल अंगद मिस्त्रीच्या दुकानात खोलून पडलीय, आणि अंगद दुकान बंद करून आपल्या बहिणीकडं वाटूरला गेलाय.

"अवो, चार गल्ल्याच तर हायेत. पायी जा की," वंदना म्हणाली.

"पायी गेलो तर उतरू कशावरून?"

वंदनानं कपाळाला हात लावला. पण कचरूचा हिशेब पक्का होता. ज्या सायकलीवरून दाजींचा मान घालवला, त्याच सायकलीवरून उतरून तो परत द्यायचा. ती सायकल नसेल तर दुसरी. दुसरी घरात होतीच. पोरगा हरिओम पुण्यात असताना हौसेनं घेतलेली, पांढरी, सडपातळ. नोकरी बदलून बंगलोरला जाताना त्यानं ती इथं आणून टाकली होती. ठेवताना म्हणालाही होता, "पप्पा, हिला फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरत राहतं. ब्रेकपण मी काढलेत. उतरायची रीत वेगळी आहे, दाखवू का?"

"तुझ्या जन्माआधीपासून उतरून राह्यलो मी," कचरू म्हणाला होता. बापाला उतरायला शिकवतो म्हणजे काय!

तर त्या सायकलवर तो घरच्या ओट्यावरून बसला आणि निघाला. चढण्यात काही अडचण नव्हती. अडचण कधीच चढण्यात नसते.

दाजींची गल्ली जरा उताराची. ओट्यावर दाजी बसलेले, टोपी नवी. दारात अक्का ताट घेऊन उभी. वीस पावलं राहिली तशी कचरूनं पाय थांबवले. पाय थांबले नाहीत. पॅडलं आपली फिरतच होती. त्यानं घाईनं उजवी टांग मागून काढली, डाव्या पॅडलवर भार टाकला, आणि ते पॅडल खालून वर आलं, कचरूला उचललं आणि धाडकन पुन्हा सीटवर आपटलं. तोवर ओटा मागं गेला होता. दाजींना दिसलं ते एवढंच, की मेव्हणा आला, उतरल्यासारखं केलं आणि पुन्हा बसून निघून गेला. दोन वर्षांपूर्वी केलं होतं तस्संच.

गल्ली पुढं मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत तिथंच येते. कचरू वळसा घालून आला. आता निदान रामराम तरी घालावा म्हणून त्यानं एक हात सोडला. सायकल अशी काही डळमळली की ते रामराम कमी आणि टाटा जास्त झाला.

दाजी उभे राहिले. "कचऱ्या! राखीच्या दिवशी मला खिजवाया आला का रं?"

दारात अक्कानं ताट खाली ठेवलं. ते कचरूनं बघितलं. ताट आत गेलं की ते पुन्हा बाहेर यायचं नाही, हे त्याला लख्ख कळलं. मारुतीच्या मागं पोचेपर्यंत त्याची सगळी ऐट गळाली. तिसऱ्या फेरीला तो लांबूनच ओरडत आला, "दाजी! मी उतरून राह्यलो, पर ही उतरू देईना! तुमच्या पाया पडतो, धरा मला!"

दाजींनी कचरूच्या तोंडाकडं बघितलं, मग त्याच्या पायांकडं. ते पाय मालकाला न विचारता गरागरा फिरत होते. आणि पंचाहत्तरीचे सर्जेराव, जे ओट्यावरून कधी कुणासाठी हलले नव्हते, काठी टाकून खाली आले, रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले आणि त्यांनी हँडल धरलं.

पुढच्या क्षणी सायकल, मेव्हणा आणि दाजी तिघंही शेजाऱ्याच्या बांधकामाच्या वाळूत होते.

आधी कोण हसलं ते सांगता येत नाही. दाजींच्या नव्या टोपीत वाळू भरली होती आणि ते डोळे पुसत होते. अक्का धावत आली, आधी नवऱ्याला उठवलं, मग भावाला दंडाला धरून. "एकदा उचललं," ती म्हणाली, "किती डाव उचलू रं तुला?" राखी तिनं तिथंच, वाळूनं भरलेल्या हातावर बांधली.

हरिओमनं फोनवर पोटभर हसून घेतलं, मग रीत सांगितली. एक तर पॅडल पायानं मागं दाबून वेग मरू द्यायचा आणि पाय टेकायचा. नाही तर खांब, भिंत, जे मिळेल ते धरायचं. तिसरी रीत मोठी नामी. पॅडल वर येताना आपल्याला उचलतं, त्याच्याशी भांडायचं नाही, उचलू द्यायचं आणि त्याच उचलीवर टांग मागं काढून खाली यायचं. कचरूनं शाळेच्या मैदानावर आठवडाभर गुडघे सोलून घेतले. आता तो असा उतरतो की बाजारात माणसं पुन्हा थांबून बघतात.

जुनी सायकल अंगदनं कधीच नीट करून ठेवलीय. कचरू ती आणायला जात नाही. रोज संध्याकाळी तो पांढरीवरच निघतो, आणि दाजींच्या गल्लीच्या तोंडाशी आला की त्याला उतरायचं बिलकुल येईनासं होतं. "दाजी, धरा!" असा तो बोंबलतो. दाजी काठी टाकून खाली येतात, दोन्ही हात पसरतात आणि म्हणतात, "ये, ये. भिऊ नको. हाये मी."