शामरावांची स्क्रॅम्बलर

शामराव गेले त्या दुपारी मी सहावीच्या वर्गावर चित्रकलेचा तास घेत होतो. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "सर, तुमच्या गल्लीतनं फोन आलाय. लगेच या म्हणत्यात." मलकापूर रस्त्यावर एका वळणापलीकडं उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती आणि शामरावांची गाडी थेट तिच्यावर जाऊन आदळली होती. मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. त्या वळणाजवळच्या चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना उचलून आणलं होतं. तो बिचारा भेटेल त्याला एकच सांगत होता, "पावणं, ब्रेकच मारला न्हाई हो त्यांनी. ट्रॉली दिसत हुती, तरी सरळ गेलं." हे वाक्य शामरावांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या कानावर पडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्या एकदम रडायच्या थांबल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

शामराव माझे शेजारी, वयानं माझ्याहून मोठे, नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. नव्वदच्या आसपास मंगळवार पेठेत जो तो हलक्याफुलक्या, थेंबभर पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या घेत होता, तेव्हा या गृहस्थानं उद्यमनगरातल्या भंगारातून टेम्पोत घालून एक विलायती सांगाडा घरी आणला. इंग्रजांच्या फौजेतली गाडी म्हणे. चाकं होती, इंजिन होतं, बाकी गंज. गल्लीनं यथेच्छ चेष्टा करून घेतली. शामरावांनी मात्र मला आत बोलावलं आणि कुठल्याशा जुन्या परदेशी मासिकातलं एक पान पुढं धरलं. चिखलातून उसळी घेतलेली एक मोटारसायकल, वर बसलेल्या माणसाचं तोंडसुद्धा चिखलानं माखलेलं. "मास्तर, ह्येला स्क्रॅम्बलर म्हणत्यात. ही एवढी मोठी काढून द्या मला." मी त्यांच्या परसातल्या भिंतीवर खडूनं ती गाडी खरीच्या मापात काढली. पुढचे कित्येक महिने ते पाइप वाकवायचे, भिंतीला लावून बघायचे आणि परत वाकवायचे.

त्या गाडीत एवढं काय होतं, असं मला अजून लोक विचारतात. मी चित्रकलेचा मास्तर, म्हणून माझ्या परीनं सांगतो. बाकीच्या गाड्यांवर सौंदर्य वरून चढवलेलं असतं, हिच्या अंगावर कामाचं नसलेलं काहीच नव्हतं. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर उचलून कमरेजवळून नेलेला. खडकाळ पाणंदीच्या वाटेत तोल सावरावा म्हणून हँडल रुंद. चिखल अडकू नये म्हणून मडगार्ड चाकापासून वीतभर वर, आणि टायरांना खोल खाचा. टाकी तेवढी लहान, गोल, थापटावीशी वाटणारी. विलायतेतल्या पोरांनी चिखलातल्या शर्यतीसाठी जे केलं, ते शामरावांनी अडलेल्या म्हशीपर्यंत पोचण्यासाठी केलं. मासिकातल्या गाडीचा सायलेन्सर डाव्या अंगाला होता, त्यांनी तो मुद्दाम उजवीकडून फिरवला. का, म्हणून विचारलं तर वहिनींकडं मान करून म्हणाले, "ही डाव्या बाजूला पाय सोडून बसती की. भाजंल."

मीही त्याच गाडीवर शिकलो. किक मारताना तिनं दोनदा मला नीट लाथाडलं. एकदा पावसाळ्यात त्यांच्यामागं बसून एका धनगरवाड्यावर गेलतो. वाटेतला ओढा बघून मी उतरायला लागलो, तर ओरडले, "बसा गप! तिला ठावं हाय." आणि खरंच ती इंजिनाचा तो जाड, संथ ठोका न चुकवता पलीकडं गेली. वाड्यावरच्या बाईनं लांबूनच आवाज ओळखून पाणी तापायला ठेवलं होतं. पुढं दोन हजारनंतर परदेशात नव्या कोऱ्या गाड्या जुन्या रूपात निघायला लागल्या. त्यांचे फोटो मी दाखवले तेव्हा शामराव पोट धरून हसले. "म्हाताऱ्यानं केस काळं केल्यालं लई बघितलं मास्तर. तरण्यानं पांढरं केल्यालं पयल्यांदाच बघतोय!" पण ते फोटो त्यांनी ठेवून घेतले.

मग गुडघा गेला. ती किक मारणं त्यांच्यानं होईना. आधी मी जाऊन मारून द्यायचो, नंतर त्यांना त्याचीही लाज वाटायला लागली. वहिनींनी धोशा लावला, बटण दाबलं की चालू होणारी गाडी घ्या. सगळे तेच सांगत होते... शेवटी घेतली. स्क्रॅम्बलर ताडपत्रीखाली गेली आणि शामरावांचं बोलणं आटलं. निवृत्तीही त्याच सुमाराची. संध्याकाळी परसात ताडपत्रीशेजारी खुर्ची टाकून बसायचे. "आता काय ऱ्हायलंय," एवढंच म्हणायचे. आणि नवी गाडी येऊन महिनाही झाला नसेल, तोवर हे घडलं.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं. "भावजी, खरं सांगा. तुमच्याजवळ कायतरी बोललं असतील. ट्रॉली दिसत हुती, मग ब्रेक का मारला न्हाई? जीव नकोसा झालता का त्यास्नी? माझ्या घरात?" मी नाही नाही म्हणत राहिलो, पण माझ्या नाहीला काही आधार नव्हता. तो प्रश्न त्यांना रोज खात होता. ताटावरून उठायच्या, बोलता बोलता थांबायच्या. मलाही आतून भीती वाटत होती, की कोण जाणे, खरंच असेल.

एक दिवस गाडीला गंज चढू नये म्हणून मी ताडपत्री काढून ती पुसली आणि सहज वर बसलो. पाय आपोआप जागेवर गेले. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. त्या काळातल्या विलायती गाड्यांची हीच रीत, आताच्यांचं बरोबर उलट. पुढचा ब्रेक हिला नावालाच, शामराव त्याला कधी हातही लावत नसत. मी तसाच उठून पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो. नवी गाडी उजव्या अंगावर पडून चेचली होती, डावी बाजू जवळपास शाबूत. फक्त डावीकडचा गिअरचा दांडा पार खाली वाकलेला... एवढा जोर कशाचा, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. शांतपणे जाताना माणसाला नवी रीत आठवते. जीव घाबरला की पाय जुन्याच जागी जातो.

घरी येताना मात्र ध्यानात आलं, हे सांगितलं तर एक काटा निघेल आणि दुसरा रुतेल, कारण नवी गाडी घ्यायला लावणाऱ्या वहिनीच होत्या. दोन दिवस मी त्यांच्या दारावरून नुसता ये-जा करत होतो. तिसऱ्या दिवशी त्याच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय हाय ते सांगून टाका." मी त्यांना परसात नेलं. नेहमीसारखं डावीकडं पाय सोडून, पण शामरावांच्या जागेवर बसायला सांगितलं. "पायाखाली दांडा आहे तो दाबा. हा ब्रेक. नव्या गाडीत इथं गिअर असतो, वहिनी." आणि त्या वाकलेल्या दांड्याचंही सांगितलं.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. म्हणाल्या, "म्हंजे गाडी बदलली नसती तर..." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"असू दे भावजी. ते मी सोशीन. पर ब्रेक मारलता की त्यांनी. घरीच यायचं हुतं त्यास्नी."

आणि पायाखालचा तो ब्रेक तसाच घट्ट दाबून धरून त्या तिथं रडत बसल्या.