शेवटच्या रकान्यातील नोंद

डॉ. शालिग्राम टवलारे सरांना मी प्रथम पाहिले ते अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी अकोल्याहून आलेली नवी अधिव्याख्याता, ते विभागप्रमुख. मी उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतत होते. मागून आवाज आला, "हे कुठं चाललं, मॅडम?"

"नालीत, सर."

"अन् नालीतून?"

मला माहीत नव्हते. नव्या माणसाची फिरकी घेत आहेत असे वाटून मी तसे तोंडावर बोलूनही दाखवले. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "चला, पाहू," म्हणाले आणि चालू लागले. इमारतीमागे ती नाली कुंपणाखालून बाहेर पडत होती आणि पलीकडे चौकीदाराने लावलेल्या पालकाच्या वाफ्यात शिरत होती. दुसऱ्या दिवशी उरलेली द्रावणे साठवण्यासाठी प्रयोगशाळेत डबे आले, आणि चौकीदाराच्या वाफ्याला सरांनी नळाचे पाणी जोडून दिले. पालक उपटायला मात्र लावला. चौकीदार आठवडाभर आम्हा दोघांशी बोलला नाही.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी बरेच जण लिहितील. काही वाचकांना ते काम नेमके काय, हे माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. चांदीची जोडवी आपल्या बायका जन्मभर पायात घालतात, काही होत नाही. पण तीच चांदी साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही इतकी बारीक केली, की तिचे वागणे बदलते. ती जंतू मारते. म्हणून ती कापडावर, रंगात, पाण्याच्या गाळणीत बसवतात. अशा अतिसूक्ष्म कणांना नॅनो पदार्थ म्हणतात. ते उपयोगी आहेत यात वाद नाही. सरांचा प्रश्न पुढचा असतो. हा कण वस्तू तयार होताना कोणाच्या नाकात जातो, वापरताना कोणाच्या अंगाला लागतो, धुताना कोणत्या पाण्यात जातो आणि वस्तू टाकून दिल्यावर कुठे पोहोचतो? वस्तूच्या साऱ्या आयुष्याचा असा हिशेब लावल्याशिवाय ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. आज हे सर्वमान्य आहे. सर जेव्हा अमरावतीत बसून हे बोलू लागले, तेव्हा लोक त्यांना हौशी माणूस समजत.

त्यांची पद्धत साधी, आणि बरोबरच्या माणसाला दमवणारी. कागदावर विश्वास ठेवायचा नाही, जाऊन पाहायचे. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर असे चांदीचे लेपन करणारा एक छोटा कारखाना होता. मालक सरांचा जुना विद्यार्थी. रुग्णालयांसाठी चादरी करायचे त्याने ठरवले होते आणि त्याला आमच्या विभागाचा अहवाल हवा होता. तो चहा मागवून सांगत होता, "पावडर कुठं उडतच नाही, सर. डबा बंद असते." सरांनी चहा घेतला नाही. कामगार डबा उघडेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. डबा उघडला, तेव्हा डोक्यावर पंखा गरगरत होता.

"बंद डब्याले पंखा कायले लागते बाप्पा?" सर म्हणाले. मालकाने पंखा बंद केला. पुढल्या भेटीत पावडर तोलण्यासाठी काचेची पेटी आणि तोंडाला नीट बसणाऱ्या मुखपट्ट्या आलेल्या होत्या. सर कुणाला उपदेश करत नाहीत, पण जागचे हलतही नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, ती सांगते. अहवालातील एक भाग माझ्याकडे होता. चाचणी म्हणून त्या चादरी अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयात वर्षभर वापरल्या होत्या. ओळखू याव्यात म्हणून त्यांना निळी किनार होती. मी तिथे गेले, धुलाई पाहिली, धुण्याच्या पाण्याचे नमुने घेतले. तक्त्यात शेवटचा रकाना होता, वापर संपल्यानंतरची विल्हेवाट. भांडारपालाने नोंदवही दाखवली. फाटक्या चादरींपुढे ओळीने लिहिले होते, 'जाळून नष्ट'. मी ते उतरवून घेतले आणि दुपारच्या गाडीने परत आले. जाळताना मी पाहिले नव्हते. सरांनी विचारले, "शेवटचं पाहिलं ना?" मी म्हणाले, "हो." माझ्या मनात नोंदवही होती. त्यांनी विभागप्रमुख म्हणून सही केली. चादरी वापरण्यास हरकत नाही असा अहवाल गेला. कारखान्याला मोठी मागणी मिळायचे ठरले.

महिन्याभरात सर एका नात्यातल्या बारशाला धामणगाव रेल्वे या गावी गेले. आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवे कापड गुंडाळत नाहीत. वापरून धुऊन मऊ झालेले जुनेच लागते. पाळण्यातल्या बाळाला गुंडाळलेल्या फडक्याला निळी किनार होती.

सरांनी बाळाच्या आजीला विचारले, "हे कुठलं वं, आक्का?"

"माही भाची हाय ना अकोल्याले दवाखान्यात आया. फाटक्या चादरी वाटून घेतात त्या. लय नरम असते जी, लेकराले टोचत नाही. कावून?"

"काई नाई. मले एक पायजे होतं. बदल्यात लुगडं देतो."

"या चिंधीच्या बदल्यात लुगडं! प्रोफेसर झाले पण हिशेब नाही आला तुमाले," आजी म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी सरांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या वहिनींची, दोन जुनी सुती लुगडी धामणगावला पोहोचली आणि त्या घरातल्या निळ्या किनारीच्या साऱ्या चिंध्या सरांच्या पिशवीत आल्या. लुगड्यांचे हे मला वहिनींनी पुष्कळ नंतर सांगितले. बाळ ठणठणीत होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण बाळाची कातडी कोवळी असते आणि ते कापड तोंडात घालते. त्याला काय होईल, याचा आम्ही विचारच केला नव्हता. आमच्या तक्त्यात चादर जिथे संपली होती, तिथे बाळाचे तिच्याशी नाते सुरू होत होते.

सोमवारी सरांनी ते फडके माझ्या टेबलावर ठेवले. काय झाले ते सांगितले.

मी म्हणाले, "सर, नोंदवहीत जाळल्याचं लिहिलं आहे."

"तुमी जाळताना पाह्यलं का?"

"नाही."

"मंग आपण पाह्यलं नाई, असं लिहा लागते, मॅडम." एवढेच बोलले. आवाज चढला नाही.

अहवाल मागे घेण्याचे पत्र त्यांनी तिथेच बसून स्वतःच्या हाताने लिहिले. मी वाचले. त्यात होते, 'विल्हेवाटीची नोंद मी स्वतः पडताळली नाही.' माझे नाव कुठेच नव्हते. त्या वर्षी माझी पदोन्नती व्हायची होती, हे त्यांना ठाऊक होते. मी म्हणाले, "सर, हे माझं काम होतं." ते म्हणाले, "सही कोनाची हाय? सहीच्या वर जे असते ते सारं सही करनाऱ्याचं." मी पुढे बोलले नाही. बोलायला हवे होते.

सरांना निवृत्तीला दोन वर्षे होती. नॅनो पदार्थांच्या नियमावलीसाठी नेमायच्या एका राज्यस्तरीय समितीत त्यांचे नाव चर्चेत होते. ते राहून गेले. मागणी हातची गेल्यामुळे कारखान्याचा मालक 'सर आता म्हातारे झाले' असे सांगत फिरला. माझी पदोन्नती झाली. पुढे त्याच विषयावरच्या बैठकांना मी जाऊ लागले, आणि तिथे कुणी ना कुणी म्हणे, "टवलारेंना अहवाल मागे घ्यावा लागला होता, नाही का?" मी समोरच्या कागदाकडे पाहत बसे.

सर मात्र कामाला लागले होते. त्या चादरी कुठे कुठे गेल्या, हे शोधत आम्ही अकोला, अचलपूर आणि आसपासच्या गावांत एसटीने हिंडलो. कुठे बाळाची दुपटी झाली होती, कुठे गोधडीचे अस्तर, कुठे फरशी पुसायचे फडके. शेवटी चुलीत, आणि त्या राखेने भांडी घासलेली. बाहेरून आलेल्या कोणत्याही नमुना-तक्त्यात राखेला रकाना नव्हता. सरांनी तो आखला. धुऊन जुन्या झालेल्या कापडात काय उरते, ओल्या अंगाला काय लागते, हे आम्ही मोजले. नव्या अहवालात त्यांनी ना भीती घातली, ना दिलासा दिला. जे कळले ते लिहिले, आणि तान्ह्या बाळांबाबत लिहिले, 'आम्हाला अजून माहीत नाही. कळेपर्यंत जुन्या चादरी कारखान्याने परत घ्याव्यात.' मालकाने वर्षभर अबोला धरला. मग एक दिवस स्वतःच कारखान्यात बोलावून म्हणाला, "जुनी चादर मोजून घेतल्याबिगर आता नवी देत नाही, सर." त्या दिवशी सरांनी त्याच्याकडचा चहा घेतला.

सरांच्या मोठेपणाचे इतर पुरावे देण्याची गरज मला वाटत नाही. ते विद्यार्थ्यांचे प्रबंध अक्षर न् अक्षर वाचतात, आणि माझे वडील आजारी असताना त्यांनी दोन महिने माझे तास घेतले व त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण असे सज्जन आणखीही असतील.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांच्या घरी गेले. हे सारे लिहिणार असल्याचे सांगितले.

"आता कावून उकरून राहिल्या?" ते म्हणाले. "मी तं विसरलोबी."

"बैठकीतले लोक विसरले नाहीत, सर."

"मले विचाराले आल्या का?"

"नाही. सांगायला आले."

ते हसले. आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "पाहा वो, पंच्याहत्तरीतबी मले दमच देऊन राहिल्या या." वहिनी आतून म्हणाल्या, "देऊ द्या. कोनीतरी पायजेच."

म्हणून या ग्रंथात, सर्वांसमोर नोंदवते. त्या पहिल्या अहवालातील शेवटच्या रकान्याची नोंद माझी होती. मी पाहिले नव्हते आणि सरांना 'हो' म्हणाले होते. चूक त्यांची नव्हती. यापुढे कोणत्याही बैठकीत तो अहवाल निघाला, तर माझे नाव घ्यावे. मी हयात आहे आणि उत्तर देईन.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो. त्यांची नजर आणि गुडघे शाबूत राहोत, कारण त्यांच्या कामाला दोन्ही लागतात. आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी स्वतःच्या चुकांचीच तेवढी जबाबदारी घ्यावी. मला माहीत आहे, ते काम त्यांना फार पुरणार नाही.