विहिरीजवळच्या मुलीचं वाक्य

प्रेमदास आडे मोजून बोलायचा. ही सवय जन्माची नव्हती. ती त्याला एका जपानी खेळानं लावली.

त्या खेळात कुणी बोलू लागलं की पडद्याच्या तळाशी काळी चौकट उघडायची. चौकटीत सोळा घरांच्या तीन ओळी. एकूण अठ्ठेचाळीस घरं, एका घरात एक अक्षर. राजा बोलो की भिकारी, तेवढ्यात आटपायचं. अशा चारशे बारा चौकटी होत्या. प्रेमदासनं अडीच वर्षं खपून त्यांत आपली बोली बसवली. बंजारा तांड्यावरची गोरमाटी, जिला स्वतःची लिपी नाही.

हे त्यानं बहिणीसाठी केलं, असं तो सांगायचा. तसं त्याला मनापासून वाटायचंही.

पुसेगावच्या अलीकडं त्यांचा तांडा. त्र्याण्णव साली पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर असलेल्या मामानं टीव्हीला जोडायचा खेळ आणून दिला. प्रेमदास तेव्हा तेरा वर्षांचा, मिना अकराची. सोबतच्या कॅसेटमध्ये विमानं होती, बेडूक होते. दोन महिन्यांत दोघांना त्यांचा वीट आला. मग जवळा बाजारच्या आठवडी बाजारात रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्याकडं एक पिवळी कॅसेट मिळाली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. आतला खेळ निराळाच निघाला. उड्या नाहीत, गोळ्या नाहीत. एक पोरगा गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो, वाटेत राक्षसांशी लढतो, हळूहळू तयार होत जातो. सगळं बोलणं मात्र जपानीत. कॅसेटमधली बॅटरी मेलेली, त्यामुळं खेळ साठवता यायचा नाही. वीज गेली की परत पहिल्यापासून.

पहिल्या गावात विहिरीजवळ तांबड्या कपड्यांतली एक मुलगी उभी असायची.

"काय म्हणून राहिली ती?" मिना विचारायची.

"थांब, वाचू दे."

"तुला जपानी येतंय व्हय?"

"थोडं थोडं."

"लबाड! चौथीत दोनदा बसला अन् म्हणं जपानी."

"ऐकायचं हाय का न्हाई तुला?"

"सांग ना."

"ती म्हणती, भिया, परत येताना मला न्यायला ये."

भिया म्हणजे भाऊ. मिनाला ते पटलं. त्यानंतर खेळ लावला की आधी त्या मुलीला भेटायचं, तिचं ऐकायचं, मगच गावाबाहेर पडायचं, असा नेमच झाला. एकदा वीज चार तास टिकली. दोघं डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत पोचले. परत आले तर गाव जळून काळं पडलेलं. विहिरीजवळ कुणी नाही.

"कुटं गेली?"

"लगीन झालं तिचं," प्रेमदास म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही.

दोन हजार साली मिनाचं लग्न झालं. हट्ट्याच्या पुढच्या तांड्यावर दिलं. पाठवणीच्या वेळी तिला बैलाच्या पाठीवर उभी केली. त्यांच्यात नवरी अशी उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि रडत गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. बापाचं घर, गुरं, शेजार, एकेकाचा निरोप घ्यायचा. बैलाची वेसण प्रेमदासच्या हातात होती. मिना गाता गाता म्हणाली, भिया, परत येताना मला न्यायला ये.

प्रेमदासच्या हातातली वेसण सुटता सुटता राहिली. बायका रडत होत्या. त्यातल्या एकीलाही हे वाक्य कुठलं ते माहीत नाही, ते फक्त आपल्याला माहीत आहे, असं त्याला वाटलं. मिना आपल्याला खूण देऊन गेली, असं वाटलं.

पहिल्या दिवाळीला बाप बाबूसिंग तिला घेऊन आला. पुढच्या पावसाळ्यात बाबूसिंग वारला. लेकीनं आपलं आपण माहेरी यायचं नसतं, कुणीतरी न्यायला जावं लागतं. आता तो मान भावाचा होता. प्रेमदास तोवर हिंगोलीत लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात कॉम्प्युटरवर बसत होता. वर्षातून एखाद्या रविवारी तो मिनाकडं जायचा. बाजेवर बसायचा, चहा प्यायचा, "पुढच्या खेपेला न्यायलाच येतो" म्हणायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचा. हिंगोलीहून जवळा बाजार, तिथून जीप. दोन तासांचा रस्ता.

दोन हजार तीनमध्ये दुकानाशेजारी नेट कॅफे निघाला. गल्ल्यावर बुद्धभूषण बसायचा. मराठी घेऊन बी. ए. झालेला, नोकरी नसलेला, प्रेमदासचा दोस्त. एका दुपारी सहज शोधता शोधता प्रेमदासला तो पिवळ्या कॅसेटचा खेळ सापडला. त्याच्यासोबत त्या खेळावर जीव टाकणारी माणसंही सापडली. फिनलंडचा एक, ब्राझीलची एक शिक्षिका, अमेरिकेतली पोरं. कुठल्या पुजाऱ्याच्या बोलण्याचा खरा अर्थ काय, यावर ती दहा-दहा दिवस भांडायची. खेळाची फाइल उघडून आतले आकडे बदलायची, जपानीच्या जागी आपापली भाषा भरायची. कसं करायचं ते नव्या माणसाला न कंटाळता शिकवायची. प्रेमदासचं इंग्रजी तोकडं. बुद्धभूषण डिक्शनरी घेऊन शेजारी बसायचा.

"आले, जपानचे जावई आले," प्रेमदास दारात दिसला की तो म्हणायचा. "सासरची खबरबात काय?"

"चूप रे. हे वाच. काय म्हणून राहिला तो?"

"म्हणतो, तुमची अक्षरं लई उंच हायेत. घरात मावत न्हाईत."

ते खरं होतं. एक घर म्हणजे आठ टिंबं आडवी, आठ उभी. त्यात वेलांटी कुठं घालायची आणि उकार कुठं? प्रेमदासनं चौकटीच्या वहीत अक्षरं काढली आणि वही घरी नेली. याडीनं, म्हणजे आई नर्मदाबाईनं, सगळा जन्म कापडाचे धागे मोजून कशिदा काढला होता. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं वही लांब धरून पाहिली.

"हे काय हाय?"

"क."

"पोटात दोन टाके जास्त झाले. मधला काढ, मग मोकळं दिसंल."

काढला, तर खरंच मोकळं दिसलं. पंधरा दिवसांत मायलेकांनी मुळाक्षरं बसवली. नर्मदाबाईनं विचारलं, "हे कशासाठी रे?"

"मिनासाठी. तिला आपल्या बोलीत खेळता यावं म्हणून."

"तिला न्यायला जा त्यापेक्षा."

"हे पुरं झालं की जातो. हेच घेऊन जातो."

चौकटी एकेक करून भरत गेल्या. दिवाळ्याही गेल्या, दोन. दर खेपेला मिना चहा ठेवायची. तिला निलम नावाची मुलगी झाली होती. मामा आला की ती त्याच्या खिशातला पेन ओढायची.

दोन हजार पाचच्या श्रावणात प्रेमदास विहिरीजवळच्या मुलीपाशी पोचला. ती चौकट त्यानं मुद्दाम मागं ठेवली होती. ब्राझीलच्या शिक्षिकेला जपानी येत होतं. तिनं मूळ ओळींचा अर्थ लिहून पाठवला. मुलगी म्हणत होती, विहिरीचं पाणी कडू झालंय, उत्तरेच्या वाटेनं जाऊ नका.

बुद्धभूषणनं ते मराठीत सांगितलं. प्रेमदासनं पुन्हा वाचायला लावलं. मग उठून बाहेर गेला, रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"मी माझंच टाकणार," तो म्हणाला.

"टाक की. तुला कोण अडवतंय?"

अडवलं ते त्या लोकांनी. आपण काय टाकलं ते प्रेमदासनं सरळ सांगितलं होतं. फिनलंडच्या माणसानं लिहिलं, हे भाषांतर नाही. उत्तरेचा धोका ती सांगते म्हणून खेळणारा सावध होतो. तुम्ही तिच्या तोंडचं काढून घेतलं. दुसऱ्या कुणी लिहिलं, हा तुझा खेळ आहे, वेगळं नाव दे. प्रेमदास पेटला. अडीच वर्षांत तो कुणाशी इतकं बोलला नव्हता. माझ्या बहिणीनं हे वाक्य भर लग्नात म्हटलंय, त्यानं बुद्धभूषणला लिहायला लावलं. तुमच्यापैकी कुणाची बहीण या खेळातलं बोलली?

तेवढ्यात दारात भीमसिंग उभा राहिला. हट्टा ते जवळा बाजार जीप चालवणारा. काही कामानं हिंगोलीला आला होता.

"प्रेमदास, मिनाची पोरगी तापली हाय. चार दिस झाले. हिंगोलीला दवाखान्यात आणायची म्हणती. मिनाचा नवरा कापूस निंदायला माणसं घेऊन गावाला गेलाय, सासरा हलंना. तू ये म्हणली."

"आजच?"

"मी आता निघून राहिलो. बसतो का?"

प्रेमदासनं पडद्याकडं पाहिलं. नवीन उत्तर येऊन पडलं होतं. लांबलचक.

"उद्या सकाळी निघतो. तिला म्हणावं, येऊन राहिलाय."

भीमसिंग गेला. बुद्धभूषणनं डिक्शनरी उघडली. शब्द काढून दिले. ताप काय, पावसाळ्यात लेकरांना येतोच, असं दोघांपैकी कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते नंतर दोघांनाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकेचं उत्तर आलं. ती प्रेमदासच्या बाजूची होती. आता त्याच्याकडं नवे मुद्दे होते. मग फिनलंडवाल्याचं आलं, त्यावर प्रेमदासचं. दुपार झाली. आता पोचायला संध्याकाळ होईल, उद्या लवकर निघू, असं ठरलं. बुद्धभूषण शेजारच्याच खुर्चीवर होता. तोही "जा" म्हणाला नाही. वाद रंगात आला होता, त्यालाही तो सोडवेना.

तिसऱ्या दिवशी प्रेमदास तांड्यावर पोचला. मिनाचा नवरा रामप्रसाद आदल्या रात्री परतला होता. त्यानं पोरीला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणलं होतं. जीप मिळेपर्यंत ती गेली. तांड्याच्या कडेला ओल्या मातीचा लहानसा ढीग होता. त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

मिना ओसरीत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. प्रेमदास तीन दिवस राहिला.  चौथ्या दिवशी तो परत आला आणि उरलेल्या चौकटी भरू लागला. दुसरं काय करावं ते त्याला कळेना. बुद्धभूषणलाही कळेना. दोघांनी खेळ पुरा केला.

दिवाळीला प्रेमदासनं दुकानातला जुना कॉम्प्युटर मागून घेतला. डबा पोत्यात घातला, मॉनिटर गोधडीत गुंडाळला आणि जीपनं मिनाकडं नेला. रामप्रसादनं वायर ओढून वीज दिली. मिना कापूस वेचायला गेली होती, तिला बोलावून आणलं. ओटीतला कापूस तसाच घेऊन ती दारातच टेकली.

खेळातला पोरगा गावात शिरला. तांबड्या कपड्यांतल्या मुलीसमोर जाऊन थांबला.

"ही बघ," प्रेमदास म्हणाला.

"कोण हाय ही?"

"ती विहिरीजवळची. आपण पहिल्यांदा हिलाच भेटायचो."

मिनानं पडद्याकडं पाहिलं. "टीव्हीचा खेळ होता खरा. त्यातला बेडूक आठवतोय मला."

त्यानं बटण दाबलं. चौकट उघडली. अक्षरं एकेक करून उमटली. मिनाला भरभर वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं वाचून दाखवलं. भिया, परत येताना मला न्यायला ये.

"हे तर हवेलीतलं हाय," मिना म्हणाली.

"तू म्हणली होतीस. लग्नात. ह्या खेळातलं."

"सगळ्याच पोरी म्हणत्यात, भिया. याडीनं शिकवलंय. याडीच्या याडीनं पण म्हणलं असंल. तूच तिथनं उचलून ह्या पोरीच्या तोंडात घातलं असंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती हिशेब लावून सांगत असल्यासारखं बोलली. प्रेमदास लहानपणी तांड्यावरच्या कितीतरी पाठवण्यांना बैलाजवळ उभा राहिला होता. हे त्याला आता आठवलं.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. "मिना, चल. न्यायला आलोय. याडी वाट बघून राहिली."

"कापूस फुटलाय."

"चार दिवसांनी येतो मग."

"नको येऊस."

"दिवाळी झाल्यावर येऊ?"

मिना उठली. ओटीतला कापूस तिनं कोपऱ्यातल्या ढिगात टाकला. "मी कशासाठी बोलावलं होतं ते तुला भीमसिंगानं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"बराबर सांगितलं होतं?"

"व्हय."

"मंग आता कशासाठी येऊ मी?" ती म्हणाली. "खाऊन जा. भाकरी टोपलीत हाय." आणि ती शेताकडं निघाली.

रामप्रसाद वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. "पाव्हणं, हे घेऊन जा," तो म्हणाला. "कापूस ठेवायला जागा लागंल."

दुपारची जीप भीमसिंगचीच होती. टपावर कापसाची गाठोडी बांधलेली, आत माणसं खच्चून भरलेली. पोतं पायांत ठेवलं. मॉनिटर कुठं ठेवायचा, असं प्रेमदासनं विचारलं. भीमसिंगनं आरशातून पाहिलं.

"मांडीवर घे," तो म्हणाला.